पूल क्यूची वाकलेली जॉइंट पिन निघता निघत नाही (तीन सूत, १० आटे)

कॉलेजरोड_ब्रेक

नमस्कार मंडळी. नाशिकमधल्या क्लबातल्या एका पूल क्यूचं काम अडलंय. बटमधली (क्यूचा मागचा जाड भाग) जॉइंट पिन, म्हणजे दोन भाग जोडणारी आट्यांची पिन, कॉलरच्या (बटच्या तोंडावरचं कडं) तोंडापाशीच वाकली आहे. शाफ्ट (पुढचा बारीक भाग) चढतो, पण शेवटच्या दोन आट्यांत एका बाजूला फट राहते आणि क्यू काचेवर लोळवला की जोडापाशी उड्या मारतो.

माहिती अशी: पिन स्टेनलेस, चुंबक धरत नाही. बाहेर ३१ मि.मी., व्यास ९.५ मि.मी., आटे मोजले तर इंचाला १०. म्हणजे ३/८-१० (तीन सूत म्हणजे ३/८ इंच, आटे १०). कॉलर काळी, फिनॉलिक (कडक राळेचं प्लास्टिक) असावी, वर चकचकीत लॅकर. बट मेपल लाकडाचा. शाफ्टमध्ये धातूचा इन्सर्ट नाही, आटे सरळ लाकडातच पाडलेत.

दोन नट एकमेकांवर आवळून पिन फिरवायची असं ठरलं होतं, पण हार्डवेअरच्या दुकानातला तीन सुताचा नट हिच्यावर एक आटासुद्धा नीट घेत नाही. ग्रिप प्लायरनं आटे चेपले, पिन जागची हलली नाही. एक मिस्त्री म्हणतो, गंज सोडवायचं तेल रात्रभर मुरू द्या. दुसरा म्हणतो, गॅसवर लाल करा, आपोआप निघेल. दोघांनाही अजून हो म्हटलेलं नाही.

कॉलर न फोडता ही पिन काढायची कशी, आणि नवी बसवायला क्यूचा खास कारागीर लागतो की सातपूर-अंबडच्या कारखान्यांतला चांगला टर्नर (लेथवाला) पुरेल?

सातपूर_लेथ

हो म्हणूही नका. तेल तर मुळीच नको. ही पिन गंजलेली नाही, इपॉक्सीनं चिकटवलेली आहे. घट्ट झालेल्या इपॉक्सीला तेल काही करत नाही, पण भोकाच्या तळाशी लाकडाची आडवी कापलेली नस उघडी असते, तिथून ते आत मुरतं. मग नवी पिन बसवताना गोंद त्या लाकडाला धरतच नाही. रॉकेल, थिनर, पेट्रोल, सगळ्यांची तीच कथा. आणि गॅसची ज्योत लावली तर पिन तापायच्या आधी लॅकरला फोड येतील.

नटाचं कोडं सोपं आहे. बाजारातला ३/८ चा नट व्हिटवर्थ असो की यूएनसी (आट्यांची ब्रिटिश आणि अमेरिकन मापं), इंचाला १६ आट्यांचा असतो. तुमची पिन १० ची. पिन अडीच सुताची, १८ आट्यांची असती (पूल क्यूत तीही भरपूर येते) तर दुकानातला ५/१६ चा नट चालला असता. व्हिटवर्थच्या आट्याचा कोन ५५ अंश आणि यूएनसीचा ६०, तरी दोन नट आवळण्यापुरतं भागतं. तिथे एम८ चा नट मात्र चढवू नये, त्याची पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.२५ मि.मी. आणि १८ आट्यांची १.४१. दिसायला सारखे, दोन फेऱ्यांत अडकतात. अडीच सुताचीच १४ आट्यांची पिनही असते, तिला तर दुकानातलं काहीच बसत नाही.

पण तुम्हाला नट हवाच कशाला? पिन वाकलीय, म्हणजे जाणार भंगारात. तिचे आटे जपायचं कारणच नाही. जपायची आहे ती कॉलर. कॉलरला पिळानं सहसा काही होत नाही, चीर जाते ती आडव्या दाबानं. प्लायर किंवा पाना एका बाजूनं ओढतो, आणि तो सगळा दाब पिनमार्फत कॉलरच्या तोंडावर येतो.

म्हणून असं करा. पिनच्या टोकाकडचे १२ ते १५ मि.मी. कानशीनं चारी बाजूंनी घासून चौकोनी करा, समोरासमोरचं अंतर ७ मि.मी. कोपरे पूर्ण धारदार येणार नाहीत, आट्यांच्या खाचा दिसत राहतील, चालतं. त्यावर टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) फिरवायचं दोन हातांचं हँडल घट्ट बसवा. दोन्ही हातांनी सारखा जोर लावला की पिनला नुसता पीळ बसतो, आडवा दाब जवळपास शून्य. घासताना कॉलरच्या तोंडावर जाड पुठ्ठ्याची चकती घाला, एक कानस घसरली तरी लॅकर गेलं म्हणून समजा.

बट व्हाइसमध्ये धरताना कॉलर धरू नका. उष्णतेनं कॉलरखालचा गोंदही मऊ पडतो, आणि कॉलर धरून पिन पिळली की पिनऐवजी कॉलर फिरते. कॉलरच्या मागे दोन-अडीच इंचांवर लाकूड धरायचं. सागाच्या ठोकळ्यात २२ मि.मी.चं भोक पाडून तो मधोमध चिरा, आतून सायकलची जुनी ट्यूब लावा. बट मागे जाडा होत जातो, त्यामुळे दोन अर्ध्यांत थोडी फट राहील. ती राहिलीच पाहिजे, नाहीतर पकड येणार नाही.

आता तापवणं. ६० ते १०० वॉटचं सोल्डरिंग आयर्न घ्या. मोबाइल दुरुस्तीचं २५ वॉटचं पुरत नाही. पिनच्या टोकाला मधोमध सेंटरचा खड्डा बहुधा असतोच, त्यात ३-४ मि.मी.चं ड्रिल १० मि.मी. खोल मारा आणि आयर्नचं टोक त्यात घाला. नुसतं टेकवून ठेवलं तर निम्मी उष्णता वाया जाते. हे भोक आणि कानसकाम दोन्ही पिन थंड असतानाच उरकून घ्या.

स्टेनलेसचा एक त्रास आहे: ते उष्णता फार हळू वाहून नेतं, पितळेच्या सहा-सात पटींनी कमी. पितळी पिन दोन मिनिटांत आतपर्यंत तापते, स्टेनलेसला आठ-दहा मिनिटं धरा. बाहेरचं टोक सणसणीत तापलं म्हणून आतलं तापलं असं नाही. घाई इथेच नडते. लोक तीन मिनिटं तापवतात, जोर लावतात, निघत नाही म्हणून गॅसकडे वळतात.

तापमानाचा अंदाज पाण्याच्या थेंबावरून घ्या. पिन कॉलरमधून बाहेर येते त्या बुडाशी काडीनं एक थेंब लावा. चर्र करून उडाला की तिथे शंभर अंशांच्या वर गेलंय. त्यानंतर आणखी तीन मिनिटं धरा. घरच्या तापमानाला घट्ट होणारं इपॉक्सी शंभर-सव्वाशे अंशांत रबरासारखं पडतं, एवढंच आपल्याला हवंय. पिनच्या बुडाशी फिकट पिवळी झाक आली तर धातू तीनशे अंशांच्या घरात गेला, आत लाकूड करपतंय. लगेच थांबायचं. तोवर कॉलरभोवती पिळून घेतलेल्या ओल्या फडक्याची पट्टी गुंडाळलेली असू द्या, पण पाणी भोकात उतरता कामा नये. खिडकी उघडी ठेवा, तापलेल्या इपॉक्सीचा धूर नाकात गेलेला बरा नव्हे.

गरम असतानाच हँडल चढवा. आधी आवळायच्या दिशेनं अगदी थोडा झटका, मग सोडायच्या दिशेनं. गोंदाचा पापुद्रा तुटतो तेव्हा बारीक कट्ट असा आवाज येतो. त्यानंतर पाव फेरी सोडा, किंचित मागे घ्या, परत पाव फेरी. दोन फेऱ्यांनंतर परत जड वाटलं तर पुन्हा तापवा. आतले आटे लाकडाचे आहेत आणि गरम, सुकलेलं लाकूड ठिसूळ असतं. त्यावर जबरदस्ती केली तर पिन निघेल, पण आट्यांचा भुगा सोबत घेऊन.

फेरूल_टिप

वरच्या उत्तराशी नव्वद टक्के सहमत. एक भर, एक मतभेद.

भर अशी की तापवायच्या आधी पिन कशाची आहे ते पक्कं करा. तुमची चुंबक धरत नाही म्हणता, ते ठीक, ३०४ सारखं स्टेनलेस सहसा धरत नाही. पण हा धागा उद्या दुसरं कुणी वाचेल म्हणून लिहितो: पिवळसर-हिरवट, किंचित पारदर्शक दिसणारी पिन असेल तर ती जी-१० आहे, म्हणजे काचतंतू आणि इपॉक्सी. ती तापवून काही होत नाही. उष्णता आत जातच नाही, वरचं टोक जळतं.

मतभेद तापवायच्या पद्धतीवर. सलग दहा मिनिटं नको. पाच मिनिटं तापवा, पूर्ण थंड होऊ द्या, परत तापवा. पिन तापली की फुगते, थंड झाली की आकसते, लाकूड मात्र तसं हलत नाही. या खेचाखेचीत गोंद सुटायला मदत होते, आणि लॅकर सलग इतका वेळ गरम राहत नाही. वेळ जास्त जातो हे कबूल.

खरं डोकं लागतं ते नवी बसवताना. शाफ्टमध्ये इन्सर्ट नाही, लाकडातच आटे आहेत, हे महत्त्वाचं. ३/८-१० च्या पिना दोन तऱ्हेच्या येतात: एक तळाशी टोकदार आट्यांची, दुसरी तळाशी सपाट आट्यांची. सपाटवालीचा गाभा (आट्यांच्या तळाशी मोजलेला व्यास) जाडा, ७.८ मि.मी.च्या आसपास. टोकदारवालीचा त्याहून बारीक. शाफ्टमधले आटे ज्या तऱ्हेचे, पिन त्याच तऱ्हेची पाहिजे. बारीक गाभ्यासाठी पाडलेल्या भोकात जाड गाभ्याची पिन घातली तर शाफ्टचं तोंड उकलेल. उलट केलं तर शाफ्ट सैल डुगडुगेल. जुनी पिन निघाली की व्हर्निअरच्या धारेनं गाभा मोजा आणि मगच मागवा. ऑनलाइन क्यूचे सुटे भाग विकणारे पिन पाठवतात. ‘३/८ रेडियल’ असं लिहिलेली मागवू नका. ती इंचाला ८ आट्यांची, गोलसर आट्यांची, सर्वस्वी वेगळी वस्तू आहे.

नवी हातात आली की गोंदाचं नावही काढायच्या आधी ती शाफ्टमध्ये पूर्ण फिरवून बघा. दोन बोटांनी, जोर न लावता, शेवटपर्यंत गेली पाहिजे.

कॉलेजरोड_ब्रेक

दोघांचेही आभार. एक शंका. अंबडमधल्या एका टर्नरदादांना विचारलं. ते म्हणतात बाहेरून मागवायची गरज नाही, ३०४ स्टेनलेसचा १० मि.मी.चा रॉड आहे, अर्ध्या तासात पिन करून देतो. फक्त त्यांच्या मशिनवर इंचाला १० नाही, २.५ मि.मी. पिच लावतील. “जवळजवळ तेच” असं त्यांचं म्हणणं. चालेल का?

सातपूर_लेथ

नाही चालणार. इंचाला १० म्हणजे पिच २.५४ मि.मी. एका फेरीत चार शतांशांचा फरक, तो कुणाला कळणार? पण बाहेरच्या ३१ मि.मी.त बारा फेऱ्या होतात आणि फरक साचत साचत अर्ध्या मिलिमीटरला जातो. पहिल्या चार-पाच फेऱ्या शाफ्ट गोड चढेल, नंतर जड होईल, आणि जोर लावला की लाकडी आटे खरवडत जातील. पिन परत करता येईल, शाफ्टचे आटे येणार नाहीत.

त्यांना विचारा की शेडमध्ये इंची लीड स्क्रूचा (आटे पाडताना हत्यार पुढे सरकवणारा लांब स्क्रू) लेथ आहे का. आपल्याकडच्या जुन्या देशी लेथवर इंचाला ४ आट्यांचा लीड स्क्रू सर्रास असतो, त्यावर ४०-१०० गिअर लावले की १० आटे बिनचूक येतात. मेट्रिक लीड स्क्रू असेल तर १२७ दातांचा गिअर लागतो. तो नसेल तर विषय सोडा आणि पिन मागवा. खरं सांगायचं तर एकाच पिनसाठी मागवलेलीच बरी, तयार पिनचे आटे गुळगुळीत असतात. टर्नरकडे पाडलेल्या आट्यांना धार राहते आणि ती लाकूड खाते. करून घेतलीच तर आट्यांचे माथे पाचशे-सहाशे नंबरच्या पॉलिश पेपरनं मोडून घ्या.

एक पिन जास्तीची मागवा. तिचं टोक थोडं निमुळतं करून लांबीत तीन खाचा पाडल्या की लाकडासाठी तिचाच टॅप होतो. ३/८-१० चा टॅप इथे दुकानात मिळत नाही, आणि जुने आटे साफ करायला हा घरचा टॅप उत्तम. हातानंच फिरवायचा. आतला जुना गोंद निघाला पाहिजे, नवं लाकूड कापलं जाता कामा नये.

फेरूल_टिप

आता बसवणं. जुने आटे शाबूत असतील तर पिन जुन्याच मार्गानं जाते, केंद्र आपोआप सापडतं, लेथ लागत नाही. आटे शाबूत आहेत की नाही ते कोरडी पिन घालून कळतं. पूर्ण आत बसवा आणि टोक बोटानं डावी-उजवीकडे हलवून बघा. डुगडुगली तर हातानं गोंदात बसवू नका, ती जिथे कलेल तिथेच घट्ट होईल.

घट्ट असेल तर डायल (किती डगमगतं ते सुईनं दाखवणारं माप) लावा. बट दोन व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेचे ठोकळे) ठेवून हळू फिरवायचा. एकदा कॉलरवर सुई, एकदा पिनच्या आट्यांच्या माथ्यावर, टोकाजवळ. दोन्हीतला फरक ०.०५ मि.मी.च्या आत असला तर छान. डायल नसेल तर पिनच्या टोकासमोर पेन्सिलचं टोक स्थिर बांधा आणि मागे पांढरा कागद धरा, तेवढ्यानंही बरंच दिसतं.

गोंद लावायच्या आधी पिनच्या आत जाणाऱ्या भागावर, आट्यांना आडवी छेदणारी एक उभी खाच कानशीच्या कोपऱ्यानं पाडा, एक-दीड मि.मी. खोल. ही खाच नसेल तर भोकाच्या तळाशी अडकलेली हवा आणि गोंद बाहेर यायला वाट राहत नाही. पिन आवळली तरी हळूहळू वर सरकते, आणि सकाळी बघावं तर जोड दोन मि.मी. उघडा. जास्त जोर लावला तर तोच दाब लाकूड आतून फोडतो. कित्येक ‘आपोआप’ चिरलेल्या बटांमागे हेच कारण असतं.

पिन ८० नंबरच्या पेपरनं खरबरीत करा, ॲसिटोननं पुसा, मग बोट लावू नका. ॲसिटोन पिनलाच, बटजवळ नको, लॅकर क्षणात धुरकट होतं. कॉलरच्या कडेनं सेलोटेप, कॉलरच्या तोंडावर मेणाचा पातळ हात. मेण भोकात गेलं की पिन कधीच धरणार नाही, म्हणून भोकाच्या काठापासून थोडं दूर राहा.

गोंद म्हणाल तर साधं, सावकाश घट्ट होणारं अ‍ॅरल्डाइट. दोन्ही ट्यूबमधून सारख्या लांबीच्या रेघा, पूर्ण मिनिटभर घोटायचं. एका पिनला दोन ग्रॅमसुद्धा लागत नाही. पाच मिनिटांचं घेऊ नका: आटे भरता भरता ते आवळू लागतं, पिन अर्ध्यात अडकते, आणि हे सगळं तापवायचं काम परत करावं लागतं. फेविक्विकचंही तेच, शिवाय पिनला बॉलचे धक्के बसत राहतात आणि धक्क्यापुढे ते ठिसूळ पडतं. आणि बोल्ट लॉक करायचं लॉकटाइट इथे निरुपयोगी आहे. ते धातू-धातूच्या मध्ये, हवा नसताना घट्ट होतं. एका बाजूला लाकूड असलं की ओलंच राहतं.

बारीक काडीनं भोकाच्या भिंतींना गोंद फासा, तळाशी साठवू नका. पिनलाही पातळ थर. एक फेरी आत, पाव फेरी मागे, असं सावकाश. किती बाहेर ठेवायची ती खूण आधीच टेपनं केलेली असू द्या. जुनी ३१ होती, तर नवीही ३१. जास्त राहिली तर शाफ्टच्या भोकाच्या तळाला टेकेल आणि जोड कधीच मिटणार नाही.

बाहेर आलेला गोंद लगेच कोरड्या कापडानं, मग किंचित आयसोप्रोपिल अल्कोहोलनं. पिन आणि कॉलरच्या कोपऱ्यात सुईनं फिरवून कण न कण काढा. तिथे राहिलेली तांदळाएवढी गुठळीसुद्धा जोडाला फट पाडते, आणि मग लोक पिनला दोष देतात.

जुनी_चॉक

चांगली चर्चा चाललीय. माझ्याकडचा प्रश्न जरा वेगळा: जी-१० ची पिन, कॉलरशी समतल तुटलेली. धरायला काहीच नाही. तापवताही येत नाही म्हणता. मग?

सातपूर_लेथ

मग लेथच. हाताच्या ड्रिलनं मुळीच नाही, आणि खांबावरच्या ड्रिलनंही नाही.

पहिला प्रश्न तुमच्या टर्नरच्या लेथचा स्पिंडल (फिरणारा मुख्य दांडा) किती पोकळ आहे. बटचा मागचा भाग साधारण ३२ मि.मी. असतो, रबरी बंपर काढून टाका, तरी ३८ मि.मी.चं भोक हवं म्हणजे बट आत सरकतो. पुढे तीन जबड्यांच्या चकमध्ये सरळ धरू नका. जबडे लॅकरवर खुणा पाडतात आणि निमुळत्या बटवर पकडही नीट बसत नाही. नायलॉनची चिरलेली बुश कॉलरच्या मापाची करून तिच्यात धरा. मागचा भाग स्पिंडलच्या दुसऱ्या तोंडाशी चार स्क्रूंनी किंवा लाकडी पाचरांनी मधोमध अडवा, नाहीतर तो आत आपटत फिरेल. मग कॉलरवर डायल. ०.०२-०.०३ च्या वर फिरत असेल तर मशिन बंद आणि परत जुळवणी. इथे गेलेला अर्धा तास पुढचं सगळं काम वाचवतो.

सेंटर ड्रिल, मग गाभ्याहून बारीक ड्रिल, म्हणजे साधारण ६ मि.मी., पिनच्या लांबीएवढं. जी-१० हे काचेचं असल्यानं साधं ड्रिल लगेच बोथटतं, कार्बाइडचं घ्या. वेग मध्यम, दर तीन-चार मि.मी.ला बाहेर काढून भुगा साफ. तो भुगा बारीक काच आहे. तोंडाला चांगला मास्क, आणि कंप्रेसरनं उडवायचा नाही, व्हॅक्यूमनं ओढायचा. त्यानंतर ड्रिल नको, बोरिंग टूल (भोक आतून कापून मोठं करणारं लेथचं हत्यार). अंगठ्याएवढ्या अंतरात ड्रिल लाकडाच्या नसेबरोबर वाकडं जातं, जुन्या वाकड्या भोकाच्या मागे मागे जातं. बोरिंग टूल मात्र लेथच्या केंद्राशी प्रामाणिक राहतं. गाभ्याच्या मापापर्यंत आलात की पिनचा उरलेला भाग स्प्रिंगसारखा वेटोळ्यात सुटू लागतो. टोकदार काडीनं तो उलगडून काढा. नशीब चांगलं असेल तर खाली लाकडाचे आटे अख्खे मिळतात.

ते खराब निघाले तर भोक १२.५ मि.मी.पर्यंत बोर करा, दोन इंच खोल, आणि त्यात कडक मेपलची किंवा लिनन-फिनॉलिकची कांडी सावकाश घट्ट होणाऱ्या अ‍ॅरल्डाइटनं बसवा. कांडीलाही उभी खाच, कारण वर दिलंच आहे. मेपलची कांडी घेतलीत तर नस बटच्याच दिशेनं धरा. दोन दिवस हात लावू नका. मग परत त्याच बुशमध्ये, परत डायल, तोंड समतल करा, सेंटर, ड्रिल, बोअर, टॅप. टॅपही टेलस्टॉकच्या (लेथचं समोरचं टोक) आधारानं, चक हातानं फिरवत. भोकाच्या तोंडाला छोटा उतार ठेवा, जास्तीचा गोंद त्यात बसतो आणि पहिला आटा लाकूड वर उचलत नाही.

तोंड समतल करताना हात आखडता. दर वेळी पाच-दहा शतांशांहून जास्त घेऊ नका. कॉलर तेवढी लहान होते आणि कॉलरवर नक्षीची चकती असेल तर ती डोळ्यांदेखत पातळ होते.

फेरूल_टिप

यावर थोडं: मेपलपेक्षा लिनन-फिनॉलिकची कांडी मला जास्त पटते. दमट हवेत फुगत नाही, आटे धारदार पडतात. पावसाळ्यात त्र्यंबककडच्या हवेत ठेवलेला मेपल आणि उन्हाळ्यात नाशिकच्या कोरड्या हवेतला मेपल यांचं माप एकच राहत नाही. हां, फटक्याचा आवाज किंचित बदलतो म्हणणारे लोक आहेत. असतील त्यांचे कान तेवढे तयार.

गंगापूरनाका

स्नूकरच्या क्यूला हेच चालेल का? आमच्याकडे थ्री-क्वार्टर, म्हणजे पाऊण लांबीवर जोड असलेला आहे, जोड पितळेचा.

सातपूर_लेथ

तत्त्व तेच, पण सांभाळून. तिथे पिनही पितळेची, तिच्याभोवतीची टोपीही पितळेची. उष्णता पिनमधून टोपीत जाते आणि टोपीच आधी सुटते. दीड मिनिटाच्या पुढे आयर्न ठेवू नका, टोपीवर ओलं फडकं सतत बदलत राहा. टोपी सुटलीच तर घाबरू नका, ती आणि पिन दोन्ही काढून एकत्रच नव्यानं चिकटवा. फक्त आधी टोपी आणि लाकूड दोन्हींवर एक सरळ पेन्सिलरेघ ओढून ठेवा, म्हणजे ती मूळ जागी परत बसते.

कॉलेजरोड_ब्रेक

कळलं. शेवटचा प्रश्न गोंद वाळण्याचा. सध्या रात्री चांगलीच थंडी पडते. पिन बसवल्यावर किती वेळानं शाफ्ट लावायचा? आणि पिन सरळ राहावी म्हणून शाफ्ट चढवूनच वाळू दिलं तर?

फेरूल_टिप

शाफ्ट चढवून अजिबात वाळवू नका. कितीही मेण लावलं तरी आट्यांमधून चढलेला एक थेंब पुरतो, मग बट आणि शाफ्ट कायमचे एक. आणि शाफ्टचं तोंड मुळात वाकडं असेल तर तो पिनलाही स्वतःच्या दिशेनं ओढून घेईल. पिन वर, बट उभा, भिंतीला दोन ठिकाणी दोरीनं बांधलेला. एवढंच.

वेळ म्हणाल तर पंचवीस अंशांच्या आसपास २४ तास. तापमान दहा अंश उतरलं की वेळ साधारण दुप्पट धरा. निफाडकडे द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात त्या दिवसांत रात्री खोलीत उघडं ठेवलेलं अ‍ॅरल्डाइट दुसऱ्या दिवशीही नखाला मऊ लागतं. पुठ्ठ्याच्या उंच खोक्यात बटचं तोंड घ्या, आत ६० वॉटचा जुना पिवळा बल्ब, पिनपासून हातभर दूर. हात आत घातला की कोमट वाटावं, गरम नव्हे. घोटून उरलेला गोंद त्याच कागदावर खोक्यात ठेवा. तो नखानं दबत नाहीसा झाला की आतलाही झाला, असं समजून वर अर्धा दिवस आणखी द्या.

मग शाफ्ट हळूच चढवा आणि जोड उजेडासमोर धरून बघा. फट चारी बाजूंनी सारखी मिटायला हवी. एका बाजूला केसभर उजेड दिसला तर आधी कोपऱ्यातला गोंद शोधा, मग कॉलरचं तोंड, आणि पिन सगळ्यात शेवटी. उजेड नसेल तर क्यू काचेवर लोळवा आणि जोडाखालच्या सावलीकडे बघा, टिपकडे नको. टिप हलली तर तो शाफ्टचा बाकही असू शकतो, पिनचा संबंध नसतो.

सातपूर_लेथ

आणि जुनी पिन फेकू नका. टर्नरला गाभा आणि पिच दाखवायला तीच कामाला येते.